ऐकलेली जागा

मासा लागला, आणि ड्वेनने काठी उचलली नाही.

उचलून उपयोगही नव्हता. रबरी अळीतल्या गळाचं टोक त्याने सकाळीच पक्कडीने कापून टाकलं होतं. दोरी थरथरली, बाजूला सरकली. जड मासा. ड्वेनने दोरी सैल सोडली, माशाने अळी थुंकली, संपलं. सराव असाच करायचा असतो. अलाबामातल्या या तलावावर वर्षभर इतक्या होड्या फिरतात की एकूणएक बास माशाच्या ओठाला भोक आहे. आज टोचलेला मासा उद्या तोंड उघडत नाही. आणि मासे पकडायची स्पर्धा उद्या होती.

आठवडाभर वणवण केल्यावर ही एक जागा सापडली होती. एका जुनाट लाकडी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, खोल पाण्यात फांद्यांसारखं काहीतरी पडलेलं. दुसरी होडी इकडे फिरकलीही नव्हती. उद्या इथून चांगले मासे निघाले तर पुढच्या वर्षीच्या स्पर्धांत ड्वेन असणार होता. नाहीतर परत टायरच्या गोदामात.

धक्क्यावरच्या खुर्चीतून एक म्हातारा उठला. हातात थंड चहाचा ग्लास.

“काय रे पोरा, लागतंय का काही?”

ड्वेनने मान वर केली नाही.

“बहिरा आहेस का? मागच्या महिन्यात एक आलेला, तोही बहिराच. स्पर्धेला निवडून बहिरे पाठवतात की काय?”

“काका, सराव चालू आहे. माशांबद्दल कुणी काही सांगितलेलं चालत नाही आम्हाला.”

“मग हवेबद्दल बोल.”

“हवा बरी आहे.”

“बरी कसली! माझे गुडघे काय सांगतायत ते विचार. त्या टीव्हीवरच्या पोरीपेक्षा जास्त कळतं त्यांना. पगार मात्र तिला.”

ड्वेनला हसू आलं. तिथेच चुकला. एवढ्या दिवसांत त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. होड्या सोडायच्या सरकारी धक्क्यावर भेटणारे बाकीचे स्पर्धक तोंडभर खोटं बोलत होते, तोही बोलत होता. आणि हसणाऱ्या माणसाला पुढचं सांगावंसं वाटतंच.

“तू थांबलायस ना, तिथे खाली माझीच झाडं आहेत,” म्हातारा म्हणाला. “नाताळ झाला की लोक घरात सजवलेली झाडं रस्त्यावर फेकतात. मी गोळा करतो, सिमेंटचा ठोकळा बांधतो आणि देतो बुडवून. झाडात मासे थांबतात. मासे थांबले की तुम्ही लोक थांबता.”

“काका, गप्प बसा!”

पण झालं होतं सांगून.

“माझी जागा घालवलीत तुम्ही!”

“घालवली? अरे, दिली तुला.”

नियम सरळ आहे. सराव सुरू झाल्यावर तलावावरच्या माणसाकडून जागा कळली, तर ती जागा बाद. कळली कशी, हे कुणी विचारत नाही. नियम केला तो तलावावरच्या वाटाड्यांना पैसे चारून जागा विकत घेणाऱ्यांसाठी. ते अजूनही घेतात. सराव सुरू व्हायच्या आधी घेतात, कायद्यात बसवून घेतात. अडकतो तो ड्वेन.

त्याने चहूकडे पाहिलं. पाण्यावर कुणी नव्हतं. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं असतं? पण जिंकणाऱ्याला खोटं पकडायच्या यंत्राला जोडतात. हरलेल्याचं खोटं पचतं, त्याला कुणी विचारतच नाही. म्हणजे ही जागा वापरून हरायचं, किंवा न वापरता हरायचं.

त्याने स्पीकर चालू करून स्पर्धेच्या अधिकाऱ्याला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

“पण जागा मी आधीच शोधली होती साहेब. सकाळपासून इथेच आहे.”

“साक्षीदार कोण?”

“साक्षीदार कुठून आणू? सराव एकट्यानेच करतात.”

“मग जागा सोड. पुन्हा तिकडे दिसलास तर बाहेर काढीन. आणि हे बघ, कळवलंस ते चांगलं केलंस.”

फोन बंद झाला. पाण्यावरून आवाज लांब जातो. म्हाताऱ्याने सगळं ऐकलं होतं.

“माझ्याशी बोललास म्हणून शिक्षा केली तुला?”

“बोललो म्हणून नाही. ऐकलं म्हणून.”

म्हाताऱ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि झाडं जिथे बुडवली होती तिकडे बघितलं.

उजेड अजून होता. शहाण्याने मोटर चालू करून दुसरीकडे धाव घेतली असती. नवीन जागा मिळाली नसती, पण धाव घेतली असती. ड्वेनने काठी आडवी ठेवली. होडी आपोआप वाहत आली आणि धक्क्याच्या खांबाला लागली. आता दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

“बोला काका,” ड्वेन म्हणाला. “आता बोला काय बोलायचं ते. माझं जायचं ते गेलं.”

म्हाताऱ्याने मान हलवली. नाही.

“अहो, खरंच बोला. आता काही होत नाही.”

म्हाताऱ्याने एक तळहात तोंडावर घट्ट दाबला. तो तसाच दाबून धरून, कण्हत खाली वाकला, आणि दुसऱ्या हाताने होडी धक्क्यापासून दूर ढकलली.