डाव्या कुशीतली लाथ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग सांगते.

लेकीच्या पोटातलं बाळ सकाळपासून हललंच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच सीझर करू," आणि तिला ऑपरेशनला आत नेलं. दार बंद होईपर्यंत पोरगी माझ्याकडेच बघत होती.

मी आणि जावई बाहेर बाकावर. तेवढ्यात माझ्या पोटात, डाव्या कुशीत, लाथ बसली. चांगली सणसणीत!

"जावईबापू, हललं हो!"

"कोण हललं, आई?"

"बाळ. इथं, माझ्या पोटात."

बिचारा रडवेला झालेला, तरी म्हणाला, "आई, सकाळपासून उपाशी आहात. गॅस असेल."

चार बाळंतपणं झालेल्या बाईला हा गॅस शिकवणार! मी पोटावर हात ठेवून म्हटलं, "हलत राहा रे सोन्या, थांबू नकोस." ते थांबलं नाही.

मग आतून रडणं ऐकू आलं. इतकं खणखणीत, की जावई उठला, बसला, पुन्हा उठला आणि रडता रडता हसायला लागला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. माझा जीव भांड्यात पडला.

नर्सनं दुपट्यात गुंडाळलेली नात माझ्या हातात दिली. देताना तिचा हात बाळाच्या खाली, माझ्या पोटाशी अडकला. नात तर गाढ झोपलेली. नर्सनं हात काढला नाही, उलट तसाच दाबून धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कितवा महिना?"