लाखलनची राखण

"आधी ती चूल विझवा!" रूअरी दारातूनच ओरडला. "मढ्याच्या खोलीत जाळ ठेवतं का कुणी? आणि तोही साव्हिनच्या दिवशी?"

मारसालीने निखाऱ्यांवर पाणी ओतलं. वाफ उठली आणि खोली गार पडली.

फळीवर तिचा नवरा लाखलन आडवा होता. पहाटे तो तळ्याकाठच्या लव्हाळ्यात सापडला, निळा पडलेला, लाकडासारखा ताठ. जत्रेतून पिऊन येताना पाय घसरला असणार. रूअरी त्याचा धाकटा भाऊ. त्याने नाकाशी पीस धरून पाहिलं. पीस हललं नाही. मग अंगावर चादर आली, छातीवर मिठाची ताटली आली आणि दुपारपर्यंत अख्खं गाव राखणीला जमलं.

राखण मांजरापासून. काळं मांजर, छातीवर पांढरा ठिपका. पुरण्याआधी ते प्रेतावरून उडी मारून गेलं, की आत्मा त्याचा झाला. देवाच्या हाती मग काही लागत नाही. साव्हिनला, हिवाळ्याच्या तोंडावरच्या त्या सणाला, ते दारोदार फिरतं. उंबऱ्यावर दुधाची वाटी दिसली तर घराला बरकत, नाहीतर गाई आटल्याच म्हणून समजा. प्रेताच्या खोलीत त्याला ऊब मिळू द्यायची नाही, आणि बाहेर अंगणात कुस्त्या लावून, कोडी घालून त्याला गुंतवून ठेवायचं. डोंगरात सगळे असंच करत आले होते.

"सोन्यासारखा माणूस गेला गं," शेजारची पेगीआत्या डोळ्यांना शालीचं टोक लावत म्हणाली.

"कुणाच्या सोन्यासारखा?" मारसालीने विचारलं.

"मेलेल्याबद्दल असं बोलू नये, पोरी."

"माझी ईशबेल मेली तेव्हा तुम्ही काय काय बोललात, आत्या? ती काय जिवंत होती?"

खोलीतल्या बायकांपैकी एकीने ओटची भाकरी हातातल्या हातात मोडली.

ईशबेल मारसाली आणि लाखलनची एकुलती एक लेक. लग्नाआधी दिवस गेले, म्हणून लाखलनने गेल्या हिवाळ्यात तिला बर्फात बाहेर काढलं. दाराला अडसर घातला आणि मारसालीला केसांनी धरून ठेवलं. पोर दार वाजवत राहिली, मग वाजवायची थांबली. सकाळी ती मेंढवाड्याच्या भिंतीशी सापडली. तिच्या राखणीला गावातलं चिटपाखरू आलं नाही. मारसाली एकटी बसली, आणि थकून तिचा डोळा लागला. मग पेगीआत्यानेच गावभर केलं, की मांजर पोरीवरून उडी मारून गेलं. "बरंच झालं," असंही कुणीतरी म्हणालं होतं. आज तेच लोक तिच्या अंगणात कुस्त्या खेळत होते.

"तुम्ही सगळ्या खाऊन घ्या," मारसाली उठत म्हणाली. "मी बसते त्याच्याजवळ."

"एकटी?"

"एकटं बसायची सवय आहे मला."

बायका बाहेर गेल्या. मारसाली मागच्या दाराने गोठ्यात गेली. ईशबेलने पाळलेलं काळं मांजर तिथे गवतात दडून असायचं. पांढऱ्या ठिपक्यापायी पोरं त्याला दगड मारायची. तिने त्याला शालीखाली घेतलं, खोलीत आणलं आणि फळीच्या पायथ्याशी सोडलं.

"मार उडी," ती दात आवळून म्हणाली. "माझ्या पोरीला नेलंस ना? आता ह्यालाही ने. ह्याच्या आत्म्याला देवाचं दारसुद्धा दिसायला नको."

मांजर फळीवर चढलं. त्याने लाखलनचे पाय हुंगले, पोट हुंगलं. उडी मात्र मारली नाही. डोक्याने ढकलून त्याने मिठाची ताटली पाडली, छातीवर जरा घुटमळलं, पंजांनी चादर मळली आणि अंगाचं वेटोळं करून डोळे मिटले.

"ऊठ!" मारसालीने त्याला ढोसलं. "ऊठ म्हणते ना! तूसुद्धा त्याच्याच बाजूचं?"

मांजर घुरघुरत पडून राहिलं. मारसालीला संतापाने रडू फुटलं.

मारसालीचा आवाज ऐकून रूअरी आत धावला. मागोमाग चार माणसं. त्याने मांजराला मानगुटीला धरून बाहेर भिरकावलं.

"हे तू केलंस, वहिनी?"

"मीच केलं. आणखी दहा मांजरं असती तर दहाही आणली असती."

"उडी मारली का त्याने? खरं सांग!"

"नाही मारली. मेलं नुसतं बसून राहिलं."

रूअरीने छातीवर क्रूस काढला. "देवाने राखलं! आता उद्यापर्यंत थांबायचं नाही. अंधार पडायच्या आत पुरून टाकू. पेटी आत घ्या रे!"

चौघांनी पेटी आणली आणि लाखलनला उचलून तिच्यात ठेवलं. रूअरी झाकण घेऊन उभा राहिला. त्याचा आवाज खाली आला.

"तुझा राग मला कळतो, वहिनी. ईशबेलच्या वेळी मी यायला हवं होतं. नाही आलो. पण एकदा हात लाव त्याला. हात न लावता निरोप दिला, तर मेलेला माणूस स्वप्नात येत राहतो."

"माझ्या स्वप्नात त्याला जागा नाही."

"म्हणूनच म्हणतो, लाव."

मारसाली पेटीशी गेली. तिने लाखलनच्या छातीवर तळवा टेकवला. चादर कोमट लागली. मांजर बसलं होतं, त्याचीच ऊब, असं वाटून ती हात काढून घेणार, तेवढ्यात तळव्याखाली काहीतरी ठोकलं. अगदी हलकं. ती थांबली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक ठोका, आणि त्यामागून आणखी एक.

"झालं का, वहिनी?" रूअरीने हळूच विचारलं.

मारसालीने हात काढला. चादर नवऱ्याच्या तोंडावरून नीट ओढली आणि कडेने खोचली.

"झालं," ती म्हणाली. "ठोका खिळे."