पडद्यावरचे सात ठिपके

चुंबकीय तपासणीआधी शरयूकाकूंनी जोडवी वाटीत काढून ठेवली होती. टोचलेले लोखंडाचे अतिसूक्ष्म कण शिरेतून त्यांच्या हृदयापर्यंत पोचले होते. पडद्यावर सात ठिपके चमकत होते.

"शरयूकाकू, हे कण परक्या पेशींनाच चिकटतात," तपासणी करणारी रेहाना म्हणाली. "पोटातल्या बाळाच्या पेशी आईत उतरतात आणि राहून जातात. तुमच्या बाळाच्या या सात अजून जिवंत आहेत."

"चाळीस वर्षं?" काकूंचा हात छातीवर गेला.

"हो! भलतंच चिवट लेकरू. नोंदीत नाव लागतं. मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"नाव सांगा."

इतकी वर्षं मनातच जपलेलं नाव काकूंच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, "केतकी."

रेहानानं ते टाइप केलं.

मुलीचं बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं आणि ती अकराव्या दिवशी गेली.