भट्टीवरच्या दोघी

लढाईतून पळून आली म्हणून राजकन्येला तिच्या थोरल्या भावाने हद्दपार केलं. "राक्षसाचं मुंडकं आण, तरच दार उघडेन," तो म्हणाला.

डोंगरात ती कड्यावरून पडली, पाय मोडला. एका म्हाताऱ्या राक्षसिणीने तिला पाठीवर टाकून आपल्या चुन्याच्या भट्टीवर आणलं, पायाला फळ्या बांधल्या, शिव्या घालत पुन्हा चालायला लावलं. पाय बरा झाला तरी राजकन्या गेली नाही. तीन वर्षं दोघींनी दगड फोडले, भट्टी पेटती ठेवली.

चुन्याच्या धुळीने म्हातारीची छाती भरली. खोकत खोकत म्हणाली, "पोरी, मी गेले की मुंडकं काप नि घरी जा. मला काय त्याचा उपयोग?"

"गप पड, म्हातारे."

दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली. राजकन्येने दगडासारखी जमीन खणून तिला अख्खी पुरली. ती माती लोटत असतानाच भावाचा शिपाई येऊन ठेपला.

"ताईसाहेब, महाराजांनी विचारलंय, मुंडकं मिळालं का?"

"नाही."

शिपायाची नजर ताज्या मातीवर गेली. "इथे कोणाला पुरलंत?"

"घरचं माणूस होतं," राजकन्या म्हणाली आणि माती लोटत राहिली.