एजिनाचं कासव

नाणं लखलखत होतं, आणि ते बघून श्रीनाथ देव्हाऱ्यापुढेच थांबला. ऑफिसची बॅग अजून खांद्यावरच होती. देव्हाऱ्यापुढच्या ताटात निरांजन, करंडा, कुंकवाची कोयरी असं सगळं घासूनपुसून मांडलेलं, आणि त्यातच ते. एजिना नावाच्या ग्रीक नगरराज्याचं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं. वरचं कासव अगदी कालच सोनाराकडून आणल्यासारखं दिसत होतं.

"दिवाळी आली ना," त्याची आई, कुसुमताई, म्हणाल्या. "टूथपावडर लावून घासली सगळी चांदी."

जुन्या नाण्याचा काळपटपणा हीच त्याची अब्रू. ती गेली की जाणकार माणूस हातसुद्धा लावत नाही. अठरा वर्षांपूर्वी पहिल्या बोनसमधून हौसेनं घेतलेलं हे नाणं सोमवारी लिलावाला जायचं होतं. आईचा जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये त्याच्याकडे राहायचा वर्षाचा परवाना संपत आला होता. तो वाढवायचा तर आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या कचेरीला, पुढच्या वर्षाच्या आरोग्यविम्याचा कागद हवा, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा विमा म्हणजे काय, ते भरणाऱ्यालाच विचारावं. किती फॉर्म भरले, किती रजा टाकल्या, त्याला आता आठवतही नव्हतं. मोडण्यासारखं हे एवढंच उरलं होतं. ओरडायचंही त्राण अंगात नव्हतं. त्यानं फोटो काढून लिलाववाल्यांना पाठवला. पंधरा मिनिटांत एका ओळीचा नकार आला.

तो खुर्चीत बसला.

"आई, तुला कुणी सांगितलं होतं गं याला हात लावायला? आता हे कुणी घेणार नाही. विमा नाही म्हणजे परवानाही नाही. संपलं."

कुसुमताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. चूक झालेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो.

"ठाऊक आहे मला. परवा तू तुझ्या लेकीला समजावत होतास ना, हे कध्धी घासायचं नाही म्हणून, तेव्हा मी इथेच मटार सोलत बसले होते."

श्रीनाथनं चहा बाजूला सरकवला.

"वर्षभर सांगतेय रे, मला सांगलीला जायचंय. तू 'हो गं आई' म्हणतोस आणि नवा फॉर्म घेऊन येतोस. तुझी माया कळते मला, पण जीव रमत नाही इथे. आता तरी तिकीट काढ."