ढिलं झाकण

दसऱ्याच्या सकाळी सासूबाईंनी सासऱ्यांच्या विंटेज गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, पण हार काही राहीना. बॉनेटपुढचं रेडिएटरचं झाकण ढिलं होतं, हारासकट निखळून यायचं. दुपारी पूजाने पंचवटीतल्या गॅरेजमधून धम्मपालदादांना बोलावलं. सायकलच्या ट्यूबचा वायसर बसवायला त्यांनी झाकण धरलं आणि हात झटकन मागे घेतला.

“ताई, आत्ताच फिरवून आणलीत ना गाडी? जरा थंड तरी होऊ द्यायची.”

“दादा, तिला इंजिनच नाही. सासरे गेले तेव्हाच काढून विकलं.”

धम्मपालदादांनी बॉनेट उचललं. इंजिनची जागा खरंच रिकामी होती.

सासूबाई चाकापाशी वाकल्या. सकाळचं लिंबू चिरडलेलं होतं.

“पूजा, चहा टाक,” त्या म्हणाल्या. “आलेत ते.”