‘मात्र’च्या पुढचं वाक्य

नळाच्या तोंडात थोरलीनं करंगळी घातली, आत गोल फिरवली आणि बाहेर काढली. बुळबुळीत. वास घेऊन बघायची गरज नव्हती. इस्पितळातलं पाणी आणि त्यातले जंतू यापलीकडे तिनं तीस वर्षांत दुसरं काही अभ्यासलंच नव्हतं. घरात तिला नळवाली म्हणत. ते नाव धाकट्या भावानं पाडलेलं, आणि तोच आता बाथरूमच्या दाराबाहेरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. औषधांनी त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर आणल्या होत्या. त्या परत वाढायला दोन आठवडे. तोवर कुठलाही फडतूस जंतू त्याला भारी पडला असता. आज नववा दिवस. थोरली परिषदेतलं भाषण उरकून थेट इथंच आली होती.

नळाला फिल्टर नव्हता. तो बसवायचे आटे तेवढे होते, गंजलेले.

तिनं सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, फिल्टर तर केव्हाच काढले, आता नवीन नियम आलाय. तिनं आरशाशेजारी प्लास्टिकमध्ये मढवून लावलेल्या कागदावर बोट ठेवलं.

रोज नळ पाच मिनिटं सोडून ठेवावा. एवढं पुरेसं आहे. (७)

थोरलीनं चष्मा वर सारून तळाची संदर्भांची बारीक अक्षरं वाचली. सातव्या क्रमांकावर तिचंच नाव होतं.

*

चौदा वर्षांपूर्वी तिनं लेखाच्या सारांशात लिहिलं होतं ते असं:

पाच मिनिटं पाणी सोडल्यास जंतू पुरेसे घटतात. मात्र प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या वॉर्डात हे पुरत नाही. तिथं फिल्टर हवाच.

सारांश लांबलाय, अकरा शब्द कमी करा, असं संपादकांनी कळवलं. ‘मात्र’पासून शेवटपर्यंत मोजले तर बरोब्बर अकरा भरले. तिनं ते उचलून आत नवव्या पानावर नेऊन ठेवले. वाचणारा वाचेलच की, असं स्वतःला सांगितलं.

पहिल्या संशोधकानं आपल्या लेखात तिचा उल्लेख केला: पुरेसे घटतात.

त्याचं बघून दुसऱ्यानं: पुरेसं आहे.

दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं: सर्व वॉर्डांत पुरेसं आहे.

असे एक हजार चारशे बारा उल्लेख. ध चा मा करायला कुणी कारस्थानी माणूस लागलाच नाही. तिसऱ्या वर्षी हे तिच्या ध्यानात आलं होतं. दुरुस्तीचं पत्र तिनं लिहायलाही घेतलं. मात्र त्याच वर्षी त्या उल्लेखांच्या जोरावर तिची बढती व्हायची होती, आणि पत्र अर्ध्यावर राहिलं.

*

खालच्या मजल्यावर संसर्ग नियंत्रण अधिकारी बसायचा. तिचं नाव ऐकून तो उठून उभा राहिला. खुर्ची पुढं केली, चहा मागवला, तुमचा लेख आम्ही कोळून प्यालोय म्हणाला. तिनं चहा बाजूला सारला. त्या वॉर्डात फिल्टर आजच्या आज बसवा म्हणाली. नळ मोठा सोडला की तुषार उडतात, त्या तुषारांतूनच जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात, निरोगी माणसाला काही होत नाही, या माणसांना होतं, हे तिनं पहिल्या वर्गाला शिकवावं तसं समजावून सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं.

“पटतंय मला, मॅडम. पण समितीपुढं संदर्भ ठेवावा लागतो. हे कुठं छापून आलंय?”

“नवव्या पानावर. माझ्याच लेखात.”

त्यानं फाइल काढली. फाइलीत एकच पान होतं, सारांशाचं. त्यानं ते उलटून मागची बाजूही पाहिली. कोरी.

“मग मीच लिहून देते,” ती म्हणाली. “मी चुकले, असं लिहून देते.”

तो हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, थोडा संकोचच होता.

“द्या की. पुढच्या बैठकीत ठेवतो. पण मॅडम, तुमच्याविरुद्ध तुमचं एकटीचं म्हणणं. तुमच्या बाजूनं चौदाशे माणसं उभी आहेत.”

बैठक महिनाअखेरीला होती.

जिना चढताना तिनं ठरवून टाकलं. समिती गेली खड्ड्यात. तो नळ कुणी सोडू नये म्हणून आपणच त्याला चिंधी बांधायची, धाकट्याला तोंड धुवायलाही बाटलीबंद निर्जंतुक पाणी द्यायचं. अजून पाच दिवस. पाच दिवस काय, दाराशी बसून काढता येतील.

खाट रिकामी होती. बाथरूमचं दार सताड उघडं, आणि आतून पाण्याचा आवाज.

धाकटा एका हातात सलाइनचा दांडा धरून बेसिनवर वाकला होता. नळ धो धो सुटला होता. त्याच्या बोडक्या डोक्यावर, पापण्यांवर, ओठांवर बारीक थेंब चमकत होते. आरसा पार धुरकटला होता.

“ये, नळवाली. आज तू आलीस त्या नादात राहूनच गेलं होतं बघ.” भिंतीवरच्या कागदाकडे त्यानं हनुवटीनं खूण केली. “पहिल्याच दिवशी तुझं नाव वाचलं. सिस्टरना म्हटलं, आमच्या ताईचा नियम आहे, हे काम माझ्याकडं. स्वतः उभा राहून करतो. नऊ दिवसांत एक खाडा नाही.”

त्याला खोकला आला. उबळ ओसरेपर्यंत तो थांबला, आणि मग तिला नीट दिसावं म्हणून त्यानं नळ आणखी मोठा केला.